भाकीत, जेल रोड

दुकान नऊ फुटी. शटर अर्धं वर.
काउंटरवर पालथं पडलेलं यंत्र, पोट उघडं.
पंख्याच्या पात्यांत कुणाच्या तरी मांजराचे केस
आणि शेवेचा एक पिवळा तुकडा.
तो आत कसा गेला, विचारू नका.
इंदुरात शेव कुठेही जाते.

पुढचं कसं असेल, हे लोक मला विचारतात,
कारण मागचं का मेलं ते मला माहीत असतं.
सुकलेली पेस्ट खरवडताना कळतं
कंपनीला कुठे घाई झाली होती,
कुठे चार आणे वाचवले,
आणि पुढच्या खेपेला ती चूक कशाखाली झाकतील.

लाल पुठ्ठ्याची वही आहे. तीत लिहून ठेवतो.
दोन हजार बाराच्या पानावर:
मेमरी आठ. डिस्क राहील. किंमत तीस.
मेमरी जमली. डिस्क राहिली.
किंमत चुकली.
दर वेळी किमतीतच चुकतो.
उष्णतेला नियम असतात, चिपला असतात;
किमतीत डॉलर येतो, कस्टम येतो, जीएसटी,
गोदामवाल्याची मर्जी,
आणि पहिल्या महिन्यात आमच्याच गल्लीतला ‘ऑन’.
तो मीही घेतलाय. खोटं कशाला बोलू.

काल सारंग रेशीमवाले आला.
रामबागेतला. नववीत होता तेव्हा शाळा सुटली की इथे,
"काका, पुढचं केव्हा? काका, कितीला?"
वहीत नाव आहे अजून: सारंग, बयाणा शंभर.
आता बंगळुरात, चिप बनवतात तिथे असतो.
कुठली चिप, सांगत नाही.
कागदावर सही केलीय म्हणाला
आणि हात खिशात घातले.

तू बोलूच नकोस, म्हटलं. मी बोलतो.
पेस्ट पुसत पुसत, बोलण्यात मुद्दाम काही नाही असं:
तीन नॅनोमीटर.
तो चहात बघत राहिला.
डिस्कची खाच जाईल, वेगळी विकतील.
तो चहात बघत राहिला.
मेमरी चोवीस.
डावी भुवई
केसभर
वर गेली, आणि लगेच जागेवर.
बत्तीस?
त्यानं कप ठेवला. "काका, पोहे मागवा ना."

बावीस वर्षं बोर्ड वाचतोय,
इतकं स्वच्छ सर्किट पाहिलं नव्हतं.

पोहे आले, वर जिरावण.
मग किमतीचं विचारलं, या वेळी सरळ तोंडाकडे बघून.
तो हसला. भुवया जागच्या जागी.
"ते आम्हालाही सांगत नाहीत, काका. खरंच.
ते सगळ्यात शेवटी ठरतं,
आणि ठरवणाऱ्यांना आम्ही कधी भेटत नाही."

नखाएवढ्या जागेत अब्जावधी खटके,
एकेकाचा पत्ता ठाऊक असलेला हा मुलगा,
आणि डब्यावरच्या चिठ्ठीपुढे
तोही माझ्याच बाकावर बसलेला.
मला बरं वाटलं. थोडं वाईटही.

तो गेल्यावर चोवीस खोडून बत्तीस लिहिलं.
बयाण्याचे शंभर परत द्यायचे राहिलेच.

संध्याकाळी सुदामा नगरचा एक पोरगा,
पाठीवर दप्तर, हनुवटी काउंटरवर:
"भिया, नवं कितीला पडेल?"
पंचाहत्तर धरून चाल.
"हजार?"
मग तो गप्प. मग माझा कॅल्क्युलेटर ओढला,
ज्याचं सातचं बटण दोनदा दाबावं लागतं.
महिन्याला पाचशे टाकले तर
बारा वर्षं, सहा महिने.
"भिया," तो म्हणाला, रडकुंडीला वगैरे न येता,
नुसतं लक्षात आल्यासारखं,
"तोवर तर त्याच्याही पुढचं येईल."

मी स्टूल पुढे सरकवलं.
वहीचं नवं पान उघडलं, कोरं.
बस, म्हटलं. त्याचंही सांगतो.