साडेतीनशे ग्राम

अकराला लाइन जाते. येईल कधी, ते तिचं तिला ठाऊक.
चक्की थांबते, डबे रांगेत बसतात, डब्यांमागे पोट्टे,
आणि पोट्ट्यांना बसणं कुठे जमतं.
कुणी पट्टा ओढतो, कुणी पिठात बोटानं नाव लिहितो,
कुणी हटवारांच्या गव्हात आपली ज्वारी सोडतो
नि दोन घरची बोलणी मला.

म्हणून फळीवर हे पुस्तक.
भंगारवाल्याला झिजलेलं बेअरिंग दिलं, त्यानं पैशांऐवजी हे काढलं.
बावीस प्रकरणं, चित्रं मोजून चार,
सातवं प्रकरण उधईनं खाल्लेलं.

बादल गेडामनं ते दोन बोटांनी उचललं,
मेलेला सरडा उचलावा तसं.
“बाप्पा, एवढं जाड! हे तं वीटच होय, काकू.”
मी पुस्तक काट्यावर ठेवलं.
साडेतीनशे ग्राम.
“तुह्या डब्यात किती हाये?”
“पाच किलो.”
“थे नाल्यापासून डोक्शावर आणलं ना?
मंग हे काहून जड होते?”

पहिलं प्रकरण मीच वाचलं.
एक मुलगी, तिचा मामा, समुद्रात उंच मनोरा,
त्याच्या टोकावर रात्रभर जळणारा दिवा.
समुद्र आमच्यातल्या कुणी पाहिलेला नाही.
उर्वशीनं विचारलं, अडाण नदीपेक्षा मोठा असते का?
“अडाणात पाणी कुठं हाये,” हटवारांचा लोकेश म्हणाला,
आणि त्यावर बराच वेळ भांडण.
तेवढ्यात लाइन आली.
मी अर्ध्या वाक्यात पुस्तक मिटलं.
दोनच शब्द उरले होते. मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी बादल शाळा सुटल्यावर हजर.
“थे दोन शब्द सांगा ना.”
“हात पिठाचे हायेत माहे. तूच पाह्य.”
बोट ओळीखाली, ओठ हलतायत.
जोडाक्षर आलं की बंडीचं चाक दगडावर चढावं तसा थांबायचा,
मग धप्पकन पलीकडे.
दोन शब्द झाले. तो थांबला नाही.

आता पानापानावर पांढरे ठसे आहेत.
लहान बोटं उर्वशीची, चौथ्या प्रकरणापर्यंत.
खुणेला कुणी तुरीची शेंग ठेवतं, कुणी एसटीचं तिकीट.
एकदा बाराव्यात भाकरीचा तुकडा सापडला.

सहाव्याच्या शेवटी वादळात दिवा विझतो.
आठव्याच्या पहिल्या ओळीत तो जळतो आहे.
मधलं उधईला माहीत.
“डीपीचा फ्यूज उडाला असन,” बादल म्हणाला,
“मामानं लाइनमनले फोन लावला.”
“समुद्रात कायचा लाइनमन?”
“पोहत येते थो.”
उर्वशी चक्कीच्या कठड्यावर पाय हलवत होती.
म्हणाली, दिवा विझलाच नाही.
पोरीचे डोळे झाकले होते, भीतीनं.
कुणी काही बोललं नाही. लोकेशही नाही.
मी आजही सातवं म्हणून तेच सांगते.

मग एक दिवस बादलची आई आली, पदर खोचून.
“माहा पोट्टा पाच किलोचं दळण
पाच खेपांनी काहून आणून राह्यला?
काटा बिघडला का तुमचा?”
“नाई वो. बावीसातले नऊ राह्यले त्याचे.”
“कायचे नऊ?”
मी फळीकडे बोट केलं.
तिनं पुस्तक घेतलं, तळहातावर तोललं,
ओला हात लुगड्याला पुसून पहिलं पान उघडलं.
उभ्यानंच.
ओठ हलायला लागले, बोट ओळीखाली गेलं,
अगदी बादलसारखं.

लाइन केव्हाच आली होती.
मी चक्की सुरू केली नाही.