मोजणी

कळंब्याच्या तळ्यावर आज म्हशी धुवायला बंदी.
दोरीअलीकडं उभा मी, काखेत पत्र्याचा बंद डबा.
सवय. अर्धी पेठ ह्याच डब्यावर पोहायला शिकली.

हेलिकॉप्टर खाली येतं, पाण्याला कापरं भरतं.
दारात सात जण पाय सोडून.
त्यात आपला इलाही, मुल्लाण्यांचा,
आठ वर्षांचा असताना पंचगंगेत ढकललेला,
नाकातोंडात पाणी, तरी मला शिव्या घालणारा.
दोघं परमुलखातले, पिंगट भुवयांचे.
ह्या पाण्याचं नाव त्यांना कुणी सांगितलं असेल का?

ना सूर, ना मुटका.
पाय जुळवून, हात छातीशी,
मेखेसारखे ठोकले जातात.
"गुडघे सैल सोड रं!" मी ओरडतो,
पंख्याखाली माझं मलाच ऐकू येत नाही.

मग माझं काम. डोकी.
एक. दोन. तीन-चार लागोपाठ.
पाच.
इलाही सहा.

लाटा काठाला लागून माघारी गेल्या.

राजाराम बंधाऱ्यावर एकदा
ह्याच आकड्यापाशी मी उजाडेपर्यंत बसलो होतो.

सातवा निघाला पार तिकडं, केंदाळात,
हेल्मेटवर जांभळं फूल,
हसत काहीतरी म्हणाला त्याच्या भाषेत.
"मर्दा, भ्या घातलंस की," इलाही म्हणाला आपल्या.

हेलिकॉप्टर पुन्हा वळलं.
मी परत एकपासून.