हत्तु

रविवार पेठेत पन्नास किलोचं पोतं
पाठीवर घेतो तेव्हा मी मोजत नाही.
मोजतो शेठजींचा पोरगा,
वहीत उभ्या काड्या, पाचवी आडवी.

घरी मात्र मोजणं माझ्याकडे.
अर्धा किलो वाळू,
माझ्या जुन्या पँटच्या पायात शिवलेली,
दोन टोकांना दोन नाड्या.
बायकोनं शिवली, मी तोलली
दुकानातल्या काट्यावर,
जास्तीची चिमूट परत काढून.

ही पिशवी शाल्मलीच्या घोट्याला.
वय नऊ. डावा पाय आत वळतो,
टाच जमिनीला टेकायची तर
आधी विचार करते.

पहिला डॉक्टर म्हणाला होता,
तेल लावा, हलका ताण द्या, जोर नको,
जोरानं ताठरपणा वाढतो.
सहा वर्षं आम्ही तो पाय
समईसारखा पुसून पुसून ठेवला.

मग वडगावच्या दवाखान्यात हिरेमठ मॅडम.
त्यांच्या मराठीत सगळंच पुल्लिंगी.
"ताठर वेगळा, ताकद वेगळा.
तुझा पाठ आखडला तर पोतं उचलतो काय तू?"
नाही उचलत.
एवढं मला
कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी लाकडी पायरीपुढे
पोरीला उभं करून त्या म्हणाल्या, "हत्तु."
हत्तु म्हणजे दहा, एवढं कानडी मला येतं.
काड्यापेटीवर लिहून घेतलं.

तीन आठवडे दहा.
सातव्याला मांडी थरथरायची
शिलाई मशीनवर ठेवलेल्या वाटीसारखी.
आठव्याला रडू.
नवव्याला मला शिवी,
कुठून शिकली कोण जाणे,
बहुतेक माझ्याकडून.
शेजारचा मारुती नाईक दारातून म्हणायचा,
"काय, कुस्तीला उतरवतोस काय हिला?"
मी दार ओढून घेतलं नाही. मोजत राहिलो.

मॅडमनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.
"दहा कोण सांगितलं? सहा पुरे होता!
मी हत्तु म्हटलं. हत्तु म्हणजे चढ."
दहा नाही?
"दहा पण."
दोन्ही?
"दोन्ही."

मग त्यांनी पाय चाचपला, गप्प झाल्या,
म्हणाल्या, आता दहाच ठेव,
खरं एक दिवसाआड.
मधल्या दिवशी पाय आत काम करतंय.

ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून
दुकानांच्या काचा फुटल्या
तिथं माझी पोरगी चढताना मोजते
ओंदु, एरडु, मूरु,
आणि उतरताना दहा, नऊ, आठ.
दोन्ही भाषांत तिला
शेवटच्या तिनाला दम लागतो.

श्रावणात ताप आला. पंधरा दिवस अंथरूण.
पिशवी खुंटीला. उठली तेव्हा
रिकामा पायही उचलेना.
पुन्हा चारपासून.
बायको त्या रात्री भाकरी थापताना
नुसतीच थापत राहिली, तव्यावर टाकलीच नाही.

आता पिशवी पाऊण किलोची.
टाच अजून विचार करते. पाय अजून वळतो.
मॅडम म्हणतात, वळणारच.
वळूनच जोर लावू दे.

काल खानापूरला बहिणीकडे निघालो.
बसस्टँडवर गर्दी, कंडक्टर दारात,
"हत्री, हत्री!"
मी सवयीनं हात पुढे केले:
बावीस किलो, पोत्याच्या निम्मंही नाही,
कितीदा असंच उचलून आत ठेवलंय.

तिनं माझा हात बाजूला सारला.
दांडा धरला.
एक.
मागून कुणी तरी ढकललं, कुणी तरी "अगा थांब की" म्हणालं.
दोन. गुडघा थरथरला.
कंडक्टरनं शिट्टी तोंडात धरली
पण वाजवली नाही.
तिसऱ्या पायरीला टाच
नेहमीपेक्षा जास्त वेळ विचार करत राहिली,
आणि टेकली.

वर उभी राहून तिनं खाली पाहिलं,
घामेजलेली, जराशी रागावलेली.
"तीनच झाल्या, बाबा.
सात ऱ्हायल्या की."

उतरताना करू, मी म्हणालो,
आणि चढलो.