फाटक बत्तीस इंच

फाटकाची रुंदी बत्तीस इंच.
मी टेप दोनदा लावला, हेडलीने तिसऱ्यांदा,
जणू लोखंड लाजून बाजूला सरेल.
बकेटवाली गाडी छत्तीसची.
आणि मिसेस डॉडच्या परसात, शेडवर कललेला
साठ फुटी ॲश,
शेंड्याकडून वाळत आलेला.

असल्या ॲशवर आता कोणी चढत नाही.
बुरशीने खाल्लेलं लाकूड कुरकुरत नाही,
चिक्कीसारखं कटकन जातं.
नगरपालिकेची परवानगी आहे, विमा आहे,
वटवाघळं नाहीत असा जाणकार बाईचा कागद आहे.
फक्त वर जायला वाट नाही.

वाट होती कुंपणापल्याड:
मिस्टर फेनिकचा सिकॅमोर, चांगला धडधाकट.
दोर त्याला बांधला तर भार सगळा त्याच्यावर,
हेडली नुसता ॲशपाशी लोंबकळणार.
पण डॉड आणि फेनिक अकरा वर्षं बोलत नाहीत.
कारण विचारलं तर ती म्हणाली, "पानं."
एवढंच. पानं.

विचारायला मला धाडलं.
हेडली म्हणतो, तुला नाही म्हणणं लोकांना जड जातं.
(त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.)
चिखलाचे बूट पायरीवर काढून मोज्यांवर उभी राहिले.
फेनिकने ऐकलं, कुत्र्याला गप्प केलं.
"ती स्वतः नाही आली?"
"नाही."
"मग चढा. पण मी लगेच हो म्हटलं
हे तिला सांगू नका."

दापोलीत वनशास्त्र शिकले तेव्हा
झाड म्हणजे घनमीटर, पाच गुणांचा प्रश्न.
हेक्समला झाड म्हणजे दोराला लागणारी ओढ.
सिकॅमोरच्या बुंध्याला दोन वेढे, हातमोजे ओले,
मान मागे मोडलेली.
वरून "खाली!" येतं, मी "मोकळं!" म्हणते,
करवत किंचाळते,
मग ओंडका निघतो, माझ्याहून जड, भलत्या घाईत,
आणि मी त्याला हळू यायला शिकवते,
शेडच्या छपरापासून वीतभर,
वाटाण्याच्या वेलांपासून चार बोटं.

अकराच्या सुमारास पायाखालची फांदी
ठरल्याआधीच गेली.
आवाज नंतर आला.
हेडली लोलकासारखा फिरून सिकॅमोरवर आदळला.
मी त्याला हाक मारली, "हेडलीऽ, अरे!"
नाव त्याचं, हाक माझ्या गावची.
बराच वेळ काही नाही.
मग वरून: "चहा झाला का?"

मग सगळा ॲश बत्तीस इंचांतून रस्त्यावर.
फांद्या, डहाळ्या, पोत्यांनी भुसा;
ऐंशी फेऱ्या मोजल्या आणि मोजणं सोडलं.
चिपर दोनदा अडला. पाऊस एकदाच आला,
तो गेलाच नाही.
"एका दिवसाचे एवढे?" मिसेस डॉड म्हणाली.
हेडलीने खांदा चोळत, नेहमीसारखे,
पन्नास कमी केले.

कुंपणाशी फेनिक. "लाकूड जास्त असेल तर..."
बाई माझ्याकडे बघून म्हणाली,
"त्याला सांग, घेऊन जा म्हणावं."
दोघांत चार फुटांचं अंतर.
मी सांगितलं.
भाषांतराची सवय आहे मला,
इंग्रजीतून इंग्रजीत पहिल्यांदाच केलं.

रात्री हेडलीचा दोर माझ्या न्हाणीत टांगलाय,
टबात टपटपतोय.
हातभर हातभर चाचपत जाते.
दुपारभर ओंडके कापलेली बोटं
अजून मुंग्यांनी भरलेली,
त्यांच्यावर भरवसा नाही, म्हणून
गालाला लावून बघते.
आठव्या फुटापाशी चरा. बारीक. ताजा.

वहीत तारीख लिहिली.
हेडली म्हणेल, तेवढा तुकडा काप, बाकी चालेल.
नवा दोर दोनशे पौंडांचा,
पन्नास तर आजच सोडलेत.

कात्री आणली. दोराचे मधोमध दोन केले,
म्हणजे उद्या वाद नको.