मोतीबिंदूच्या आधी, रविवारच्या वर्गासाठी

निशिगंधा, किल्ली खालच्या हार्डवेअरवाल्याकडे आहे.
तो दहाला उघडतो, पोरं साडेनऊलाच येतात.
जिन्यावर बसव, ब्रशचे केस विंचरायला लाव.

पाणी आदल्या रात्रीच भर.
अशोक स्तंभाला नळ लवकर जातो
आणि बोअरचं पाणी जड, रंगावर साय धरतं.
प्रत्येकाला दोन डबे: एक मळवायला, एक निवळ.

एप्रिल आहे, तरी पंखा बंद.
घाम पुसता येतो,
पॅलेटवर वाळलेलं अ‍ॅक्रिलिक पुसता येत नाही.
ऑइल कलर पाहुण्यासारखा ताटकळतो.
हा सातपूरच्या पहिल्या शिफ्टची बस:
चप्पल घालेपर्यंत गेलेली.

म्हणून द्राक्षांचे पनेट जमवलेत, खालच्या खणात.
तळाला ओलं फडकं, वर बटर पेपर,
त्यावर रंग, वाटाण्याएवढा.
झाकण लावलं तर मंगळवारपर्यंत जिवंत.
(वाटाण्याएवढा म्हटलं की डोंगरदिवे काका
मापाला खरोखरचा वाटाणा मागतात.)

एकतीस वर्षं त्यांनी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
चूक दिसली की अजून हात वर जातो.
त्यांना सांग,
इथे चूक वाळू द्यायची आणि वर दुसरा थर द्यायचा.
पण वाळू द्यायची म्हणजे वाळूच द्यायची.
अर्धवट सुक्यावर ब्रश फिरवला
की गुडघ्यावरची खपली काढल्यासारखी साल निघते.

पाणी ओतू देऊ नकोस,
पकड सुटते, वाळलेला रंग बोटाला येतो.
फार पातळ हवा तर मीडियम, निळ्या झाकणाची बाटली.
ती कोठावदे बाईंच्या हाती देऊ नकोस.
त्या आमटीसारखं वाढतात.

तन्वीर काळा मागेल.
अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर कालवून दे.
त्यातून घाटाच्या पायऱ्यांची
पहाटे साडेपाचची सावली निघते.
ट्यूबमधल्या काळ्यातून काळाच निघतो.

ब्रश डब्यात उभा सोडायचा नाही, मान मोडते.
बशीत आडवा, पाण्यात. घरी जाताना साबण.
मेन रोडवर एकोणीस पाट्या माझ्या हातच्या होत्या,
त्यातल्या घड्याळवाल्याच्या पाटीवरचा
'ळ' बघ कधीतरी.
एकाच ब्रशने, अकरा वर्षांच्या.

आता पांढरा. इथे नीट ऐक.
माझ्या पांढऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तुम्ही सगळं चहाच्या गाळणीतून बघताय.
कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना.
म्हणजे सोमेश्वरच्या धबधब्यात
मी ओतलेला तो निळा
पाण्याचा नव्हताच.
आणि तुम्ही सगळ्यांनी तो वर्षभर उतरवून घेतलात.
तू एकदा म्हणाली होतीस, सर, जरा गार वाटतंय.
मी म्हणालो होतो, नजर तयार कर.

या रविवारी माझं चित्र समोर ठेवू नकोस.
खिडकीत कोरा कागद धर
आणि पांढरा कसा असतो ते त्याला विचारा.

ओला रंग थोडं खोटं बोलतो,
वाळला की एक छटा गडद.
आधी पुठ्ठ्याच्या पट्टीवर लावा, फुंका, थांबा,
मग कॅनव्हास.
ज्याला थांबता येत नाही
त्याला चहा आणायला पाठव.

बुधवारी उजवा डोळा, डावा पंधरा दिवसांनी.
मधल्या दिवसांत म्हणे दोन नाशिक दिसतील,
एक पिवळं, एक निळं.
बघू. दोन्ही रंगवून ठेवीन.

मळलेलं पाणी मोरीत ओतू नका,
खालच्याची दोनदा तुंबलीय.
गाळ बसू दे, रद्दीवर पुसून काढ.
तन्वीरकडे फी मागू नकोस.
धबधबा भिंतीवरच राहू दे,
फक्त तोंड भिंतीकडे कर.

टायटॅनियम व्हाइटची नवी ट्यूब कपाटात आहे.
ती उघडू नकोस.
ती मला बघायचीय.