झडती

पप्पा प्रेसमध्ये नोटा मोजायचे.
नाशिक रोडला प्रेस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.
भोंगा झाला की जेल रोडवर सायकली सुटायच्या
आणि त्याआधी गेटवर झडती:
खिसे, डबा, चपलेचा तळ.
दिवसभर एवढा पैसा बोटांखालून जायचा,
घरी यायचा फक्त शाईचा वास.

मी तेव्हा टीव्हीतली नाणी गोळा करत होते.
मामाने देवळाली कॅम्पातून आणलेली पिवळी कॅसेट,
वर छापलेलं, नऊशे नव्व्याण्णव खेळ.
मोजले. अकरा निघाले.
बाकी तेच, टोपीचा रंग बदलून.
हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं वाटलं.
सुरुवात तिथून. रागातून.

दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरून
मागच्या पानावर:
"खेळ चौथा. एक माणूस उजवीकडे पळतो.
का पळतो ते सांगितलेलं नाही.
डावीकडे भिंत आहे.
संगीत बरं, पण दहा मिनिटांनी आई ओरडते."

बिटको चौकात शफीक मणियार रिमोट, रेडिओ, जॉयस्टिक
सगळ्यांना एकाच डागणीने बरं करायचे.
म्हणाले, चिकटव की भिंतीवर, जागा आहे.
पहिला आठवडा कुणी पाहिलं नाही.
दुसऱ्या आठवड्यात पानावर चहाच्या ग्लासाचं गोल उमटलं.
ते भिंतीवर कसं उमटलं, अजून कळलेलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात पेन्सिलने, कुणाच्या तरी वाकड्या अक्षरात,
"भिंत खोटी आहे. उडी मारून बघा."

मारली.
भिंतीपलीकडे खोली होती,
नाण्यांनी भरलेली, कुणीही न मोजलेली.

मग वाढत गेलं. आठ आण्यांना एक झेरॉक्स.
अंबडच्या दुसऱ्या पाळीची पोरं डब्याच्या पिशवीत घालून न्यायची,
सिन्नर गाडीचा एक कंडक्टर पाच प्रती मागायचा,
तिकिटाच्या पेटीत ठेवायचा.
आणि मी शहाणी झाले.
गुण द्यायला लागले.
दहापैकी साडेसहा. दहापैकी आठ.
साडेसहा कशाचे, कुणी विचारलं असतं तर
मलाही सांगता आलं नसतं.

विचारलं. पोस्टकार्डावर. घोटीहून, तुळशीराम गतीर.
"ताई, माझ्याकडे मशीन नाही.
टीव्ही शेजारी आहे, ते दार लावून घेतात.
तुम्ही लिहिता तेवढंच मी खेळतो.
साडेसहावर उडी कुठे मारायची?"

त्या रात्री गुण खोडले.
खड्ड्याच्या कडेची वीट कुठल्या रंगाची, ते लिहिलं.
पडायला दीड सेकंद लागतो,
त्या दीड सेकंदात चूक कळलेली असते
आणि बटण काही कामाचं नसतं.
शेवटचा जीव उरला की बोटं आपोआप हळू होतात.
ढग तेच आहेत जे झुडपं आहेत, फक्त पांढरे.
असं सगळं. चार पानं झाली.
मणियार म्हणाले, एवढ्याला भिंत पुरणार नाही.

पप्पांनी एकदाच वाचलं.
जेवायला बसले होते, ताटाशेजारचं पान उचललं
आणि वाचायच्या आधी
ट्यूबलाइटकडे धरलं, जरा तिरकं केलं,
कडेवरून अंगठा फिरवला.
पप्पा, झेरॉक्स आहे, मी म्हणाले.
"माहितीये," म्हणाले, तरी धरून राहिले.

मग वाचलं. आमटीवर साय धरली.
"आणि ही नाणी," त्यांनी विचारलं,
"हा बाहेर कशी नेतो?"
नेता येत नाहीत, पप्पा.
मशीन बंद केलं की शून्य.

मान हलवली,
आपल्याच खात्यातल्या कुणाबद्दल ऐकल्यासारखी.
"मग चांगला माणूस आहे,"
म्हणाले,
आणि दुसऱ्या ओळीत चुकलेल्या वेलांटीवर
बोट ठेवलं.