झाकण

सास्कॅचेवानमधली सुनावणी. बाहेर उणे अठ्ठावीस.
ओरिसिया ह्नात्युकनं पिशवीतून काढली
बिटाची बरणी,
वकिलाच्या कागदांवरच ठेवली.

"उकळत्या पाण्यातून काढली की
थांबते मी. झाकण आत ओढलं जातं: टक्.
ती टक् ऐकल्याशिवाय
एकही बरणी तळघरात जात नाही.

तुम्ही म्हणालात, चिमणीतलं सगळं पुरू,
दगडाखाली, कायमचं.
नऊ वर्षं.
अनुदान संपलं, पाइप गंजले.
टक् ऐकली कुणी?"

वकील म्हणाला, तांत्रिक अडचणी.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

तिनं बरणी फिरवली. चिकटपट्टीवर
तारीख, आणि तिचं नाव.

"बिघडली तर
कुणाच्या दारात जायचं ते कळतं.
जमिनीतल्या तुमच्या भोकावर
कुणाचं नाव लिहू?"